पाय भोकरदनला, धड तेरला

जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला पुराणवस्तूंच्या ओढीनं जाणारा माणूस सहसा भेटत नाही. केळणा नदीकाठचं हे तालुक्याचं गाव कापूस, मका आणि मिरचीसाठी ओळखलं जातं. नदीच्या खडकात कोरलेलं एक लहानसं लेणं सोडलं, तर पर्यटकानं थांबावं असं इथे वरकरणी काही नाही. तरीही सांची आणि भारहूतच्या स्तूपांना दान देणाऱ्यांची नावं जिथे दगडात कोरली आहेत, तिथे भोगवर्धनचे रहिवासी आढळतात, आणि ते भोगवर्धन म्हणजे हेच गाव. शेकडो कोसांवरच्या स्तूपासाठी पैसा धाडणारी माणसं ज्या गावात होती, ते गाव तेव्हा सधन असलं पाहिजे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी शांताराम भालचंद्र देव आणि रमेश शंकर गुप्ते यांच्या नेतृत्वाखाली इथे उत्खनन केलं, तेव्हा मणी, शंखाच्या बांगड्या आणि खापरं यांच्या सोबतीनं सातवाहन काळातल्या हस्तिदंती मूर्तीचा एक तुकडा हाती आला. तो मूर्तीचा फक्त खालचा भाग आहे. मधल्या स्त्रीचे पाय आणि तिच्या शेजारी उभ्या असलेल्या सेविकांचा काही भाग एवढंच त्यात शिल्लक आहे. कंबरेच्या वर काय होतं, हे त्या तुकड्यावरून कुणालाच सांगता आलं नसतं. ते सांगता येतं याचं कारण इटलीत आहे.

इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली पाँपेई हे रोमन शहर गाडलं गेलं. तिथल्या एका घरात १९३८ साली आमेदेओ मायुरी या पुरातत्त्वज्ञाला सुमारे २५ सेंटीमीटर उंचीची हस्तिदंती मूर्ती सापडली. दागिन्यांनी मढलेली एक स्त्री आणि दोन्ही बाजूंना तिच्या दोन सेविका असा तिचा घाट आहे. कर्णभूषणं, गळ्यातले हार, मनगटापासून वर चढत गेलेल्या बांगड्या आणि पायांतले जाडजूड वाळे पाहिले की ती कुठल्या देशाची, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. तिला लक्ष्मी म्हणतात, पण यक्षी म्हणणारेही बरेच आहेत. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. भोकरदनच्या पायांना वरचा देह कसा असावा हे तिच्यावरून कळतं. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला अशाच घडणीची तिसरी मूर्ती मिळाली आहे, तिचं धड शाबूत आहे आणि पाय गेलेले आहेत. हे तिन्ही नग वेगवेगळ्या मूर्तींचे, पण घराणं एकच. म्हणून हा प्रवास भोकरदनहून सुरू करून पैठण, तेर आणि कोल्हापूर असा करण्यात एक युक्तिवाद आहे. पुराणवस्तूची मोहिनी तिच्या सौंदर्यात असते त्यापेक्षा जास्त तिच्या पत्त्यात असते. ती कुठे, कोणत्या थरात आणि कुणाच्या सोबतीनं सापडली, हे माहीत असेल तर फुटका तुकडाही तोंड उघडतो. पत्ता हरवलेली देखणी वस्तू मात्र पाहणाऱ्याला नुसती दिपवून गप्प बसते.

पाँपेईचंच पाहा. ते शहर एकाच आपत्तीत बंद झालं, त्यामुळे त्यातली प्रत्येक वस्तू ७९ सालाच्या आधीची ठरते. ही मूर्ती एखाद्या पुराणवस्तू विक्रेत्याच्या फडताळात मिळाली असती, तर तिच्या काळावर अभ्यासक आजही शतकाशतकाच्या फरकानं भांडत राहिले असते. आता या मुद्द्यावर एक खणखणीत आक्षेप आहे. पाँपेईच्या मूर्तीच्या बैठकीवर खरोष्ठी लिपीतलं अक्षर कोरलेलं आहे आणि खरोष्ठी ही वायव्य भारताची लिपी. तेव्हा ती दख्खनमध्ये घडली असं कशावरून? पुरातत्त्वज्ञ मधुकर केशव ढवळीकरांनी भोकरदनच्या हस्तिदंती कामाशी तिचं नातं जोडलं, तर काही अभ्यासकांचा कल उत्तरेच्या बाजूनं आहे. खरं तर अक्षरानं फार तर एवढंच सिद्ध होतं की घडताना किंवा प्रवासात ती खरोष्ठी जाणणाऱ्या हातांतून गेली. कारागिराची खूण आणि कारागिराचं गाव या दोन गोष्टी निराळ्या असू शकतात. पण त्याच तर्कानं भोकरदनचा दावाही पक्का होत नाही, हे मान्य करायला हवं. पक्कं आहे ते इतकंच की एकाच घडणीच्या मूर्ती मराठवाड्यातल्या दोन बाजारपेठांत आणि रोमन श्रीमंताच्या घरात अशा दोन्हीकडे होत्या. पाँपेईच्या मूर्तीत वरून खाली एक भोक पाडलेलं आहे. आधी तिला आरशाची मूठ मानलं गेलं, पुढे एखाद्या चौरंगासारख्या फर्निचरचा पाय. म्हणजे जिला आपण देवी म्हणून हात जोडू, ती त्या घरात कदाचित सामानाचा भाग होती.

भोकरदनहून छत्रपती संभाजीनगर ओलांडून पैठणला उतरताना दोन्ही बाजूंना काळं रान दिसतं. हा सगळा प्रदेश लाव्हाच्या थरांचा. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्या पोकळ्यांत पुढे सिलिकायुक्त पाणी झिरपून अकीक, गोमेद यांसारखे रंगीत दगड तयार झाले. नांगराच्या फाळाला लागणारे हेच दगड एके काळी पैठणचा माल होते. पहिल्या शतकात लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक पुस्तकात, ज्याचा लेखक अज्ञात पण व्यापाराचा चांगला जाणकार आहे, भरूचच्या दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर अशी नोंद आहे. पैठणहून गोमेदासारखे दगड जात, तगरहून साधं कापड आणि तलम मलमल. हा माल गाड्यांमधून, धड रस्ते नसलेल्या विस्तीर्ण मुलखातून भरूचला पोचे. बैलगाडी आणि काळी जमीन यांची दोस्ती पावसाळ्यात किती टिकते हे इथल्या शेतकऱ्याला विचारावं. हा व्यापार मुख्यतः कोरड्या महिन्यांचा असणार, आणि बंदरातली जहाजं मोसमी वाऱ्यांवर चालत असल्यानं ते वेळापत्रक एकमेकांत नीट बसतही असेल.

पैठणला लोक येतात ते एकनाथांसाठी, पैठणीसाठी आणि जायकवाडीच्या नाथसागरासाठी. सातवाहनांची राजधानी गावाच्या आणि गोदावरीच्या काठच्या टेकाडांच्या पोटात आहे, पण वरच्या वस्तीमुळे ती दिसत नाही. जे दिसतं ते बाळासाहेब पाटील यांच्या संग्रहातून उभ्या राहिलेल्या शासकीय संग्रहालयात. एका माणसानं नदीकाठी, शेतात, घराच्या पायात निघालेल्या वस्तू आयुष्यभर गोळा कराव्यात आणि त्यातून गावाचं संग्रहालय व्हावं, ही गोष्ट पैठणला घडली, आणि तेरला तर तिचा विस्तार थक्क करणारा आहे.

पैठणच्या वरच्या अंगाला गोदावरीला प्रवरा मिळते, आणि त्या प्रवरेच्या काठावर अहिल्यानगर जिल्ह्यात दायमाबाद आहे. वाट थोडी वाकडी करून तिथे जावं, कारण पत्ता हरवल्यानं काय होतं याचं सर्वांत बोचरं उदाहरण तिथलंच आहे. १९७४ साली तिथल्या एका शेतकऱ्याला झाडाचं मूळ खणताना कांस्याच्या चार वस्तू मिळाल्या. बैलजोडीचा रथ आणि त्यावर उभा सारथी, हत्ती, गेंडा आणि रेडा. चारही भरीव, चाकं असलेल्या किंवा चाकांसाठी सोय केलेल्या, आणि सगळ्यांचं मिळून वजन साठ किलोंहून जास्त. भारतीय प्रागितिहासात याच्या तोडीचं धातुकाम फार थोडं आहे. पुढे १९७६ ते १९७९ मध्ये पुरातत्त्वज्ञ साळी यांनी तिथे मोठं उत्खनन केलं आणि ताम्रपाषाण काळातल्या वसाहतींचा सलग क्रम उलगडला. पण कांस्यमूर्ती त्या क्रमातल्या नेमक्या कोणत्या थरातल्या, हा वाद मिटला नाही. काहींनी त्या उत्तर हडप्पा काळात, म्हणजे ख्रिस्तपूर्व २००० च्या सुमारास ठेवल्या, तर काहींनी धातूतल्या आर्सेनिकच्या प्रमाणावरून त्या बऱ्याच अलीकडच्या असाव्यात अशी शंका घेतली. दोष त्या शेतकऱ्याचा नाही. मूळ खणणारा माणूस थर मोजत बसत नाही. पण खड्डा खणला गेला त्या क्षणी कांस्य हाती आलं आणि त्याची जन्मपत्रिका गेली. भोकरदनचा हस्तिदंती तुकडा सौंदर्यात या रथाच्या जवळपासही येत नाही, तरी इतिहासाच्या कोर्टात साक्षीदार म्हणून तो अधिक भरवशाचा आहे.

बीड मागे टाकून धाराशिव जिल्ह्यात शिरलं की तेरणा नदीच्या काठी तेर येतं. ‘पेरिप्लस’मधलं तगर म्हणजे कोणतं गाव यावर एकोणिसाव्या शतकात बराच खल झाला. देवगिरीचं आणि जुन्नरचं नाव पुढे आलं. जॉन फ्लीट यांनी १९०१ मध्ये तेरकडे बोट दाखवलं आणि लगोलग हेन्री कझिन्स यांनी गावाची पाहणी केली. पैठणच्या मानानं तेर नेमकं पूर्वेला नसून आग्नेयेला आहे, म्हणून शंका घेणारे तेव्हाही होते. पण दिशांच्या बाबतीत समुद्रकाठी बसून ऐकीव माहिती लिहिणाऱ्या ग्रीकाला थोडी सूट द्यावी लागते, आणि जमिनीनं दिलेला पुरावा तेरच्याच बाजूचा आहे.

हा पुरावा ज्या टेकाडांत आहे त्यांना गावाकडे पांढरी म्हणतात. शेतीची ती काळी, वस्तीची ती पांढरी. शतकानुशतकं घरं पडली, चुलींची राख साठली, भिंती विरघळल्या आणि त्यातून ही फिकट, भुसभुशीत माती तयार झाली. मराठवाड्यात माळवदाच्या घरावर गळती थांबवायला हीच माती टाकतात आणि शेताला खत म्हणूनही ती चालते. त्यामुळे जुन्या वस्तीची टेकाडं पिढ्यान्‌पिढ्या टोपल्यांनी आणि गाड्यांनी वाहून गेली. पुराणवस्तूंच्या नाशाचं खापर आपण मूर्तिचोरांवर फोडतो आणि मूर्तिचोर त्याला पात्रही आहेत, पण अशा गावांत इतिहास सर्वांत जास्त खर्ची पडला तो छप्पर शाकारण्यात. त्याच खणण्यातून मणी, नाणी आणि मातीच्या बाहुल्या वर आल्या, आणि जोराच्या पावसानंतर त्या नुसत्या उघड्यावर पडत राहिल्या.

त्या वेचून ठेवणारा माणूस म्हणजे गावातलेच रामलिंगप्पा लामतुरे. त्यांचा वीस हजारांवर वस्तूंचा संग्रह पुढे सरकारकडे गेला आणि त्यांच्या नावाचं संग्रहालय तेरला उभं राहिलं. हस्तिदंती स्त्री तिथेच आहे. उंची साधारण बारा सेंटीमीटर, म्हणजे तळहातावर मावेल एवढी. छायाचित्रं पाहून गेलेल्याला पहिला धक्का या आकाराचाच बसतो. इतक्या लहान जागेत कारागिरानं दागिन्यांची वीण सोडलेली नाही. पण तिच्याइतकाच वेळ ज्यांना द्यावा त्या वस्तू बाजूच्या कपाटांत आहेत. केओलिन या पांढऱ्या चिकणमातीच्या बाहुल्या दोन साच्यांत अर्धी अर्धी काढून जोडलेल्या आणि आतून पोकळ आहेत. जोडाची रेघ कानामागून खाली उतरलेली नीट पाहिली तर दिसते. केसांची रचना, डोक्यावरची भूषणं आणि गोल गाल पाहून बाजारात रांगेनं मांडलेला माल डोळ्यांसमोर येतो, कारण साचा केला तो एकासारखी एक अनेक नग काढण्यासाठीच. तिथून पुढे मातीच्या लहान चकत्या आहेत. त्यांवर रोमन नाण्यावर असतो तसा सम्राटाचा एका बाजूनं दिसणारा चेहरा उठवलेला आहे, आणि काठाला दोरा ओवायची सोय केलेली आहे. पहिल्या शतकातल्या तिबेरियस सम्राटाची सोन्याचांदीची नाणी भारतात खूप आली. ती ज्यांच्या गळ्यात शोभत त्यांच्याकडे पाहून ज्यांना ती परवडत नव्हती त्यांनी मातीची घातली. कुठल्या राजाचं तोंड आपण मिरवतो आहोत याची त्यांना फिकीर असण्याचं कारण नव्हतं. रोमशी असलेल्या व्यापाराचा एवढा घरगुती पुरावा मला सोन्याच्या नाण्यांच्या हंड्यापेक्षा मोलाचा वाटतो. हंडा एका सावकाराचा असतो, मातीचं पदक सगळ्या आळीचं.

इथे कुणी म्हणेल, लामतुरे यांचा संग्रह हाच तुमच्या युक्तिवादाला सुरुंग आहे. या हजारो वस्तू कोणत्या थरातून आल्या याची नोंद कुठे आहे? हे खरंच आहे. तेरची हस्तिदंती मूर्ती थरासकट मिळालेली नाही. पण पत्त्याला पायऱ्या असतात. थर सर्वांत वरची पायरी, गाव त्याखालची. लामतुऱ्यांनी थर वाचवला नाही, गाव मात्र वाचवलं. त्या वस्तू फुटकळ विकत मुंबईच्या बाजारात गेल्या असत्या, तर त्यांच्यापुढे ‘दख्खन, सातवाहन काळ’ एवढीच चिठ्ठी उरली असती. १८७८ च्या निखात निधी कायद्यानं दहा रुपयांहून जास्त किमतीची जमिनीत सापडलेली वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक केलं, आणि १९७२ च्या कायद्यानं शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंच्या निर्यातीला चाप लावला. पण पावसात वर आलेला मणी उचलणाऱ्या पोराला कायदा ठाऊक नसतो, तो कुणाकडे नेऊन द्यायचा हे ठाऊक असावं लागतं. तेरला ते ठाऊक होतं. शिवाय गाव पक्कं असल्यामुळेच पुढचं काम होऊ शकलं. पुरातत्त्वज्ञ चापेकरांनी १९५८ मध्ये केलेल्या आणि नंतरच्या उत्खननांतून थर मिळाले, मग भोकरदनचा तुकडा आला, पाँपेईचं साल होतंच. तेरच्या मूर्तीचा काळ अशा तीन टेकूंवर उभा आहे.

संग्रहालयातून बाहेर पडून गावात फिरलं की वस्तू आणि जागा यांचं नातं आणखी उलगडतं. त्रिविक्रमाचं मंदिर विटांचं आहे आणि मागच्या बाजूनं चापाकार, चैत्यगृहासारखं. मुळात तो बौद्ध चैत्य असावा असं कझिन्सना वाटलं. आज सगळेच ते मान्य करत नाहीत. आत पाय उचललेला त्रिविक्रम उभा आहे आणि पूजा चालू आहे. उत्तरेश्वराच्या विटांच्या मंदिराची कोरीव लाकडी द्वारचौकट आता संग्रहालयात नेऊन ठेवली आहे. लाकूड हवेत टिकत नाही, तेव्हा ते हलवणं योग्यच. पण चौकट पाहून थोडं चाललं की तिचं दार पाहता येतं, आणि ही सोय कोणत्याही राजधानीला देता येणार नाही. आणि हे गाव गोरोबाकाकांचं. संतांच्या डोक्यावर थापटण्यानं थापटून कोणतं मडकं कच्चं ते सांगणाऱ्या कुंभाराच्या गावात जमीन कुठेही खणली तरी भाजलेली मातीच हाती यावी, यात योगायोगापेक्षा सातत्य जास्त आहे. तेरणेकाठची माती सातवाहनांच्या आधीपासून चाकावर चढत आली आहे.

तेर ते कोल्हापूर ही वाट बार्शी, पंढरपूर, सांगली अशी घाटमाथ्याकडे सरकते. ज्वारी मागे पडते आणि ऊस सुरू होतो. या दोन गावांना जोडणारा एक अनपेक्षित धागा मध्ययुगात सापडतो. कोकणातले आणि कोल्हापूरचे शिलाहार राजे स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवत, म्हणजे तगर या श्रेष्ठ नगरीचे स्वामी. तेर त्यांच्या ताब्यात नसतानाही हे बिरुद ताम्रपटांत दिमाखानं येतं. व्यापार ओसरून काही शतकं झाली तरी त्या नावाची पत शिल्लक होती.

कोल्हापुरात पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीचं टेकाड आहे. १९४४-४५ मध्ये तिथे राजाराम कॉलेजचे प्राध्यापक कुंदनगार यांच्या देखरेखीखाली खोदकाम चालू असताना सातवाहनकालीन घराच्या अवशेषांत मोठी भांडी मिळाली. त्यांत कांस्याच्या वस्तू भरून ठेवलेल्या होत्या. पुढच्याच वर्षी डेक्कन कॉलेजचे हसमुख सांकलिया आणि मोरेश्वर दीक्षित यांनी तिथे शास्त्रीय उत्खनन केलं. त्या साठ्यातल्या बहुतेक वस्तू इथल्याच घडणीच्या आहेत, पण काही थेट रोमन जगातून आलेल्या. त्यांत ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन आहे. टाउन हॉल संग्रहालयात तो काचेआड उभा आहे, वीतभर उंचीचा, दाढीवाला, उघड्या पिळदार अंगाचा. हातातला त्रिशूळ गेला आहे, पण हाताची ठेवण त्रिशूळाचीच राहिली आहे. शंकराच्या देशात त्रिशूळधारी परदेशी देव कुणाला खटकला नसेल, असं गंमतीनं म्हणता येतं. मूळ मालकानं त्याला काय मानलं, हे मात्र सांगता येत नाही.

हा पोसायडन कलाकृती म्हणून मध्यम प्रतीचा आहे. लिसिपस या ग्रीक शिल्पकाराशी जोडल्या जाणाऱ्या एका नमुन्याच्या अनेक छोट्या प्रतींपैकी तो एक. रोम किंवा नेपल्सच्या संग्रहालयात तो शेकडो लहान कांस्यमूर्तींच्या फळीवर उभा राहिला असता आणि लोक पुढे सरकले असते. कोल्हापुरात मात्र तो प्रश्न बनतो. सह्याद्रीचा घाट चढून तो इथवर आला कसा? देव्हाऱ्यासाठी आला, शोभेसाठी, की मोडीत? साठा भांड्यांत भरलेला होता, म्हणून तो धातूचं काम करणाऱ्याच्या घरचा कच्चा माल असावा असा एक तर्क आहे. संकट पाहून श्रीमंत घरानं दडवलेला ऐवज, असा दुसरा. रोमन सुरई, कथाचित्राचं पदक आणि स्थानिक आरसे एकाच ठिकाणी होते ही नोंद आहे, म्हणून हे तर्क निदान लढवता येतात. मूर्ती एकटीच उचलून दिल्लीला नेली, तर प्रश्न कोल्हापुरात राहील आणि दिल्लीला फक्त पितळी रंगाचा छोटा देव पोचेल.

यावर व्यवहारी माणसाचा आक्षेप ठरलेला आहे. लहान गावच्या संग्रहालयांत प्रकाश अपुरा, हवामानावर नियंत्रण नाही, माहितीफलक त्रोटक आणि पाहुणे मोजके. हस्तिदंत तर दमटपणानं आणि कोरडेपणानं दोन्हींनी तडकतो. हे सगळं खरं आहे, आणि दुर्मिळ वस्तूच्या जिवावर बेतत असेल तर ती हलवलीच पाहिजे. पत्त्याच्या प्रेमापोटी मूर्ती गमावणं शहाणपणाचं नाही. पण यातला प्रत्येक दोष पैशानं आणि लक्ष देण्यानं भरून निघणारा आहे. मूळ जागेपासून तुटण्याचा दोष कोणत्याही अंदाजपत्रकानं भरून निघत नाही. पाहुणे मोजके हा मुद्दा तर उलटाच आहे. महानगरातल्या दालनात हजार वस्तूंमध्ये ही बारा सेंटीमीटरची बाई किती जणांना दिसेल? तेरला येणारा तिच्यासाठीच येतो. कोल्हापूरचं उदाहरण तर हातात आहे. ब्रह्मपुरीच्या वस्तूंसाठी १९४६ मध्ये तिथे संग्रहालय सुरू झालं आणि पुढे ते टाउन हॉलच्या गॉथिक धाटणीच्या इमारतीत आलं. संस्थानी काळात चार्ल्स मँट यांनी आखलेली ती वास्तू स्वतःच पाहण्याजोगी आहे आणि भोवतालच्या बागेमुळे शहराच्या रोजच्या वहिवाटीत आहे. शोध लागला तिथेच तो ठेवण्याची हिंमत आणि ऐपत एका शहरानं आठ दशकांपूर्वी दाखवली.

कमी आहे ती वेगळ्याच गोष्टीची. पोसायडनच्या कपाटाशेजारी ब्रह्मपुरीच्या चराचं एक मोठं चित्र हवं, ज्यात खालपासून वरपर्यंतचे थर रंगवलेले असतील आणि कांस्याची भांडी कोणत्या घरात, किती खोलीवर होती ते दाखवलेलं असेल. टेकाडावर आज वस्ती आहे, तिथे पुन्हा मोठं उत्खनन होणं अवघड. सांकलिया-दीक्षितांचा १९५२ चा अहवाल ग्रंथालयात आहे, त्यातली रेखाचित्रं तयार आहेत. टाउन हॉलपासून पंचगंगेचा काठ फार लांब नाही, आणि असं चित्र पाहिलेला माणूस संध्याकाळी घाटावर गेला, तर टेकाडाकडे पाहताना आपल्या पायांखाली काय आहे हे त्याला कुणी वेगळं सांगावं लागणार नाही.